मागचे तीन प्लग

पान्याला पान्या म्हणतात, कारण शाळेत असल्यापासून त्याच्या खिशात दहा-अकराचा पाना असायचा. बाकीच्या पोरांच्या खिशात गोट्या, याच्या खिशात पाना. कुणाची सायकल, कुणाचा पंखा, कुणाच्या घरचा गळका नळ, हा न बोलावता हजर. आणि हे तर काहीच नाही, स्वतःच्या लग्नात हॉलचा जनरेटर बंद पडला तेव्हा नवरदेव कडक इस्त्रीच्या कपड्यांत जनरेटरपाशी उकिडवा बसलेला, आणि नवरी स्टेजवर एकटीच फोटो काढून घेतेय. तो फोटो अजून आहे. शेजारची खुर्ची रिकामी. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, पुढे जागा कमी आहे.

तर त्या नवरीने दहा वर्षं ती रिकामी खुर्ची बघितली आणि मग गेल्या वर्षी लेकीला घेऊन डोंगरापलीकडच्या गावात राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. शांतपणे कपाट आवरलं आणि गेली. लेकीचं घरातलं नाव लिंबू, कारण जन्मली तेव्हा तोंड असं केलेलं की कुणीतरी जिभेवर लिंबू पिळलंय. सुट्टी लागली की पान्या गाडी घेऊन जायचा, लिंबूला आणायचा, चार दिवस ठेवायचा, परत सोडायचा. त्या चार दिवसांवर त्याचं वर्ष चाललेलं.

मागच्या खेपेला परत सोडताना चढावर गाडी मिसिंग करायला लागली. मिसिंग म्हणजे सहा सिलिंडरांतला एखादा कामाला दांडी मारतो, आणि गाडी जिना चढणाऱ्या दमेकऱ्यासारखी खोकत, धक्के खात चालते. शेवटी बंदच पडली. पान्याने बोनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. लिंबू रस्त्याकडेच्या दगडावर टॉर्च धरून बसली. अंधार पडला तरी बसली. रात्री उशिरा गाडी कशीबशी चालू झाली, आणि तापाने फणफणलेली पोर आईच्या हातात दिली तेव्हा बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं पान्या नंतर सगळ्यांना सांगायचा.

तो निघताना लिंबूने मात्र एका पायातला मोजा काढून त्याच्या हातात दिला. पिवळा, टाचेला हिरवा ठिपका. "एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. पुढच्या वेळी जोडी जमवायची. हरवलास तर बघ." पान्याने घरी येऊन तो दाराजवळच्या खुंटीला लावला, गाडीच्या किल्लीशेजारी. रोज किल्ली घेताना हाताला लागायचा.

आणि मग बायकोची बदली झाली. लांब. सुट्टीतल्या चार दिवसांसाठी उठून जाता येणार नाही इतकी लांब. तिने फोन केला. "जायच्या आधी आठवडाभर लिंबूला तुझ्याकडे ठेव. पण गाडी नीट करून घे. गॅरेजमध्ये दे. तू उघडू नकोस. आणि रविवारी अंधार पडायच्या आत ये, कारण नाहीतर सोमवारी सकाळी मी तिला घेऊन माझ्या थोरल्या ताईकडे जाणार, आणि तिथून आम्ही थेट निघणार."

"झालं समज," पान्या म्हणाला.

गेला ना गॅरेजमध्ये. अगदी दुसऱ्याच दिवशी गेला. मेकॅनिकने नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला, "प्लग गेलेत. पुढचे तीन मी आत्ता चहा येईपर्यंत बदलतो. मागचे तीन मात्र रडवतात. सोडून जा गाडी, दोन दिवसांनी न्या."

आता यात न पटण्यासारखं काय होतं? पण पान्याच्या कानात फक्त 'रडवतात' शिरलं. "दोन दिवस कशाला? अर्ध्या दिवसाचं काम आहे," असं म्हणून तो तिथूनच दुकानात गेला, सहा नवे प्लग घेतले आणि घरी आला. मग कामावर शिफ्ट, मग पाऊस, मग हे, मग ते. प्लग खोक्यातच. आणि रविवार उजाडला.

सकाळी सकाळी मेहुणा आला, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बहीण निघून गेली तरी याने भाऊजींकडे येणं सोडलं नव्हतं. मोटरसायकलवरून आला, हेल्मेट काढलं आणि शेडमध्ये बोनेट उघडं बघून जागेवरच उभा राहिला.

"भाऊजी, ताईला तुम्ही सांगितलंत की गाडी झाली."

"होतेय ना."

"'झाली' आणि 'होतेय'मध्ये एक अख्खं इंजिन आहे, भाऊजी."

"टॉर्च धर आणि गप्प बस."

त्या गाडीचं इंजिन आडवं बसवलेलं. पुढचे तीन प्लग समोरच, लहान मूलही काढेल. मागचे तीन इंजिन आणि डॅशबोर्डच्या मागची पत्र्याची भिंत यांच्या फटीत. तिथे हात जात नाही, आणि कसाबसा गेला तर डोळा जात नाही. वर पुन्हा अॅल्युमिनियमचा एक भलाथोरला खोका बसवलेला, त्यातून इंजिनात हवा जाते. तो उतरवल्याशिवाय मागच्या प्लगचं तोंडही दिसत नाही. ज्याने हे जमवलं त्याने जन्मात स्वतःच्या हाताने प्लग बदललेला नसणार, असं पान्या पुटपुटला. मेहुणा म्हणाला, "त्याची बायको तरी त्याच्याजवळ असेल."

पुढचे तीन पटकन झाले. खोक्याचे बोल्ट सुटले, नळ्या सुटल्या, खोका उचलून बाजूला ठेवला. आणि खाली सहा भोकं उघडी पडली. सरळ इंजिनच्या पोटात जाणारी. त्यात एखादा वॉशर, एखादा खडा जरी पडला तरी संपलं सगळं, म्हणून ती आधी बुजवायची असतात. हे पान्याला पक्कं माहीत होतं. चिकटपट्टी घेतली, पुढच्या तीन भोकांवर लावली, आणि चिकटपट्टी संपली.

"मी आणतो दुकानातून," मेहुणा म्हणाला.

"रविवारचं दुकान उशिरा उघडतं. तू चहा टाक, मी बघतो."

मेहुणा आत स्वयंपाकघरात गेला. पान्याच्या हाताला तेल, घरातली सगळी फडकी तेलाने माखलेली. स्वच्छ कापड पाहिजे, धागा नको, धूळ नको. दोरीवर त्याचेच निळे मोजे वाळत होते. ते घेतले, गोळा करून दोन भोकांत बसवले. घट्ट, मस्त. तिसरं राहिलं, सगळ्यात कोपऱ्यातलं, भिंतीला चिकटलेलं. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खुंटीला पिवळा मोजा होता.

त्याने हात पुढे केला, मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला. तासाभराचा तर प्रश्न आहे, असं स्वतःशी म्हणाला. हा आधी काढायचा, सगळ्यात आधी. मोजा छोटा, म्हणून तो भोकात वर राहीना, निसटायचा. त्याने बोटाने जरा खोल दाबला. मेहुणा चहा घेऊन आला तोवर पान्या प्लगवर वाकला होता, आणि मेहुण्याला भोकं बुजवलेली आहेत एवढंच दिसलं.

मागचा पहिला प्लग सुटला. दुसरा जरा कुरकुरला, पण सुटला. तिसऱ्याने जीव काढला. तिथे आंधळ्यासारखं काम. दांड्याला दांडा जोडायचा, मध्ये वळणारा सांधा घालायचा, टोकाला प्लगची लांब गोटी, म्हणजे प्लगच्या डोक्यावर बसणारा नळीसारखा पाना, आणि पोटावर पालथं पडून, खांदा पिळून, बोटांनी चाचपडत ती प्लगवर बसवायची. गोटी बसली की सांधा निसटायचा. सांधा धरला की गोटी पडायची. एकदा ती पडली ती थेट खाली, इंजिनच्या खालच्या पत्र्यावर, आणि मेहुण्याने जमिनीवर सरपटत जाऊन काढली. बाहेर आला तर शर्टाच्या पाठीवर तेलाचा नकाशा.

"भाऊजी, हा शर्ट मी लिंबूला भेटायला घातला होता."

"माझा घे आतून."

"तुमच्याकडे तेल न लागलेला आहे?"

पान्याच्या बोटांची सालं निघाली होती. मनगटाला धारदार क्लिपचा ओरखडा. दुपार सरत आली. मेहुणा आता मस्करी करेना, नुसता घड्याळाकडे बघायचा आणि मग बघितलंच नाही असं दाखवायचा. आणि तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला. आधी वाटलं प्लग तुटला. पान्याने जपून दांडा फिरवला. फिरला. अजून फिरवला. प्लग सुटला होता.

बाहेर काढून उजेडात धरला तर टोक झिजून गुळगुळीत, वर काळा थर. गाडी बनल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता. "हा बघ," पान्या म्हणाला, "हा खोकत होता." आणि असा हसला, की मेहुण्याने नंतर सांगितलं, लग्नाच्या दिवशीसुद्धा भाऊजी इतके हसले नव्हते.

नवे प्लग त्याने कसे घातले ते बघण्यासारखं होतं. रबरी नळीचा वीतभर तुकडा घेतला, प्लगच्या शेंडीवर चढवला आणि नळी दोन बोटांत धरून प्लग फिरवत फिरवत आत सोडला. आटे चुकले तर रबर घसरतं, धातू चिरडत नाही. एकही आटा बिघडला नाही. मेकॅनिक म्हणाला होता रडवतात. कुठे रडवलं?

तेवढ्यात फोन वाजला. बायको.

"निघालास?"

"निघतोच. झालंच."

"गाडी झाली होती ना?"

"झाली. म्हणजे, शेवटचं बघत होतो."

मग ती म्हणाली, "लिंबू बॅग घेऊन दारात बसलीय. बूट घालून."

पान्याने फोन मेहुण्याकडे दिला आणि कामाला लागला. आता त्याचे हात असे चालत होते, दिसत नव्हते. चिकटपट्टी खेचून काढली. निळा मोजा काढला, दुसरा निळा काढला. आणि हात काय करतात बघा, सवयीने त्या दोन मोज्यांची जोडी जुळवली, एकात एक घालून गोळा केला, जसा रोज दोरीवरून काढताना करायचा, आणि खिशात टाकला. जोडी पुरी झाली की काम पुरं झालं, हे हाताला इतकं पाठ, की डोक्याला कुणी विचारलंच नाही. कोपऱ्यातलं भोक काळं होतं. तशी सगळीच भोकं काळी असतात.

खोका बसवला, बोल्ट आवळले, नळ्या लावल्या. किल्ली घेताना खुंटी हाताला लागली. रिकामी होती. पण रिकामं काही हाताला लागत नाही.

स्टार्टर मारला. गाडी एका फटक्यात चालू झाली. मेहुण्याने टाळी वाजवायला हात वर नेले.

आणि गाडी हलायला लागली. आधी खोकत होती ना, आता अक्षरशः थडथडायला लागली. बोनेटचा दांडा वाजायला लागला. डब्यातले पाने वाजायला लागले.

"भाऊजी, आधी खोकला होता. आता तर हिला हुडहुडी भरलीय."

"एखादी नळी सैल असेल."

नळी सैल नव्हती. मग प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल बदलून बघितली, इथली तिथे. मग म्हणाला नवा प्लगच वाईट निघाला. मग पेट्रोलवर संशय. तो इतका ओणवा झाला होता की कंबर सरळ होईना. उन्हाची तिरीप शेडच्या पत्र्यावरून सरकत भिंतीवर गेली. मेहुणा दोनदा म्हणाला टॅक्सी बोलावू. पान्या दोनदा म्हणाला, पाच मिनिटं.

शेवटी घाम डोळ्यांत गेला म्हणून पायरीवर बसला. तोंड पुसायला खिशात हात घातला आणि हातात मोज्यांचा गोळा आला. निळा. त्याने तोंड पुसलं. मग गोळ्याकडे बघितलं. मग दाराजवळच्या खुंटीकडे.

मेहुण्याला वाटलं भाऊजींना चक्कर येतेय. तोंडावरचा रंगच उतरला. "काय झालं? भाऊजी, काय झालं?"

पान्या उठला, पाना घेतला, आणि खोक्याचे बोल्ट पुन्हा सोडायला लागला. खोका निघाला. कोपऱ्यातल्या भोकात टॉर्च मारली. खोल आत, जिथून हवा सिलिंडरमध्ये शिरते तिथे, काहीतरी पिवळं.

चिमट्याने ओढलं. अर्धा मोजा आला. काळपट, पिळवटलेला, खालच्या बाजूने कुरतडल्यासारखा. टाच नव्हती. टाच आत होती, व्हॉल्व्हच्या झडपेने पकडलेली.

"हेड उतरवावं लागेल, इंजिनचा वरचा अख्खा भाग," मेहुणा हळूच म्हणाला.

"माहितीये."

"म्हणजे गाडी आज..."

"माहितीये रे."

मेहुण्यानेच बहिणीला फोन लावला. सगळं सांगितलं नाही, गाडी होत नाही एवढंच सांगितलं. आणि टॅक्सीने येतो, दोघं येतो, म्हणाला. मग ऐकत राहिला, आणि फोन पान्याच्या कानाला लावला, कारण पान्याचे हात तेलात.

"टॅक्सीचं नाही," बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू येशील टॅक्सीने, मला माहितीये. तिला नेशील. आणि मग आठवडाभर ती काय करेल तुझ्याकडे? तू इंजिनमध्ये डोकं घालून बसशील, आणि ती टॉर्च धरून."

"नाही गं. बोनेट लावून टाकतो. हातच लावणार नाही."

"मी आठवड्यापूर्वी सांगितलं होतं गॅरेजमध्ये दे. एवढंच सांगितलं होतं." मग म्हणाली, "थांब, तिला बोलायचंय."

"बाबा." लिंबू. "मी मोजा बॅगेत वरच ठेवलाय, म्हणजे लगेच सापडेल. तुझा आहे ना?"

"आहे."

"कुठे आहे?"

"गाडीतच आहे," पान्या म्हणाला.

"मग हरवणार नाही," लिंबू म्हणाली. "आई म्हणते आज नाही यायचं. मग कधी?"

पान्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच तिकडे आईने फोन घेतला, आणि मेहुण्याने इकडून हळूच बाजूला केला.

मेहुण्याने हेल्मेट उचललं. "भाऊजी, चला. मागे बसा. मी नेतो. आठवडा राहू दे, नुसतं भेटून तरी येऊ. ताई दारातून परत पाठवणार नाही, माझी हमी. अर्धा तास बसा तिच्याजवळ. उद्या त्या निघाल्या की मग कधी कोण जाणे."

पान्याने मान हलवली. होकारार्थी हलवली, मेहुण्याने नीट बघितलं. "चल. हे एवढं काढतो, मग निघू."

"काय काढता?"

"टाच. ठिपक्याची बाजू आतच आहे. अर्धा मोजा घेऊन कसा जाऊ तिच्यासमोर? शिवून देता येईल."

"भाऊजी, तिला मोजा नकोय."

"तू तिला ओळखत नाहीस. आल्या आल्या विचारेल. पाच मिनिटं."

मेहुणा मोटरसायकलवर जाऊन बसला. चालू केली. आवाज शेडमध्ये घुमत राहिला. पान्या वाकलेला, चिमटा सोडून आता बोटंच घातलेली, डोळे मिटलेले, कारण तिथे डोळ्यांचा उपयोग नव्हता. "लागला," तो म्हणाला. "धागा लागला. येतोय."

मेहुण्याने हॉर्न वाजवला. नंतर गाडी बंद केली, आत आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हलला नाही. "भाऊजी, अंधार पडायला आला. चढावर मला दिसत नाही रात्री. मी निघालो तर निघालो."

"हो, हो. आलोच. तू गाडी वळवून घे."

त्याने वळवून घेतली. गल्लीच्या तोंडाशी थांबला. बराच थांबला, अगदी खरं, मागे वळून वळून बघत. शेडमध्ये टॉर्चचा उजेड, बोनेट उघडं, आणि त्याखालून नुसती पाठ दिसत होती. मग तो निघाला. त्याला तरी बहिणीला आणि भाचीला भेटायचं होतंच की.

पान्याने आवाज ऐकला. लांब जाताना ऐकला, वळणावर कमी झालेला ऐकला. हात मात्र बाहेर काढला नाही, कारण धागा चिमटीत होता, आणि सोडला तर पुन्हा सापडायचा नाही. त्याने जपून ओढला. आला. पिवळा, लांबच लांब, हातभर. त्याने अजून ओढला, अजून आला. मोजा येत नव्हता, नुसता उसवत होता. त्याला ते कळतही होतं. बोटाभोवती धागा गुंडाळत तो ओढत राहिला, आणि आत कुठेतरी टाच लहान लहान होत गेली.